गच्चीवरची मेथी

सुट्टी लागली की 'मुलांना कशात गुंतवावं?' अशी पत्रं येऊ लागतात. या वेळी माझाच एक प्रयोग सांगते. पहिल्या खेपेला तो फसला, हेही आधीच कबूल करते.

दिवाळीच्या सुट्टीत इमारतीतल्या सात मुलांना घेऊन मी गच्चीवर समुद्रमेथी लावली. मुंबईच्या बाजारात छोट्या छोट्या जुड्या, मुळांसकट मिळतात ना, तीच. पंधरा दिवसांच्या आत हाती येते, त्यामुळे मुलांचा धीर सुटत नाही. फळांची उथळ खोकी घ्यावीत, तळाला भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर चार बोटं धुतलेली वाळू आणि थोडी माती. (चौपाटीवरची वाळू नको, खारट असते.) किराणा दुकानातली मेथी रात्रभर भिजवून दाट पेरावी, वर वाळूचा पातळ थर द्यावा. पाणी हातानेच शिंपडायचं. नळी धरली की दाणे वाहून कोपऱ्यात जमतात. आमचं एक खोकं त्यातच गेलं. तीन-चार दिवसांत कोंब, दहा-बारा दिवसांत भाजी.

घोटाळा झाला तो विकताना. एक मुलगा "लोक हसतील" म्हणून खालीच उतरेना. बाकीच्यांनी दोन रुपयांना जुडी लावली आणि तासाभरात पन्नास जुड्या खपल्या. आम्ही बायकांनी कौतुकाने घेतल्या, मीही घेतल्या. संध्याकाळी फाटकावरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, आज तुमच्या बिल्डिंगमधून कोणी आलंच नाही. मेथी सगळी तशीच राहिली." त्या वीस रुपयांना तीन जुड्या देतात. मला काही बोलता येईना.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हीच शंका निघाली होती. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असं गांधीजींचं म्हणणं. तर मुलांचा माल बाजारात आल्यावर कारागिरांनी काय करायचं, हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी मुलांना वही घेऊन बसवलं. मेथी, वाळू, माती सगळं आयांच्या पैशातलं. ते मांडल्यावर शंभर रुपयांत खर्चसुद्धा निघेना, मजुरी तर दूरच. मग मावशींचा हिशेब मांडला: पहाटेचं उठणं, टेम्पोचं भाडं, न खपलेला माल. खाली न उतरलेला मुलगाच म्हणाला, "म्हणजे आपण तोट्यात विकली आणि त्यांचंही नुकसान केलं."

दुसरं पीक मावशींना विचारून, त्यांच्याच भावाने आणि त्या येत नाहीत त्या सोमवारी विकलं. मुळं धुऊन जुडी कशी बांधायची, ओलं गोणपाट कसं टाकायचं, ते त्यांनीच दाखवलं. या वेळी नऊ जुड्या उरल्या. त्या मुलांनी आपापल्या घरी नेल्या. आमच्या वाट्याची मी लसणाच्या फोडणीत परतली. तीन पाण्यांनी धुतली होती, तरी पहिल्या घासाला कचकच लागलीच. तुम्ही चार पाण्यांनी धुवा.