विश्लेषण : कापूस शेतकऱ्याचा, ओटीपी कुणाचा? सरकारी अ‍ॅप शिवारात का अडतात?

यवतमाळ जिल्ह्यात सीतादही होऊन पहिला कापूस घरात आला, की पूर्वी एकच प्रश्न असायचा : भाव काय? २०२५-२६ च्या हंगामापासून त्याच्याआधी दुसरा प्रश्न येऊन बसला : नोंदणी झाली का?

भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी सक्तीची केली. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले, पुढे ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली आणि खुल्या बाजारातील दर हमीभावाखालीच राहिले. त्यामुळे अ‍ॅपवर नोंदणी अडली, की कापूस सरळ खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. नोंदणीची पहिली मुदत ३० सप्टेंबर होती. ती ३१ ऑक्टोबर झाली, मग ३१ डिसेंबर. मुदतवाढ देताना शेतकऱ्याला सवलत दिल्यासारखे बोलले जाते. प्रत्यक्षात ती यंत्रणा वेळेत तयार नसल्याची कबुली असते.

एक अ‍ॅप की अ‍ॅपची साखळी?

‘कपास किसान’वर आधार, बँक खाते आणि सातबारा लागतो. सातबाऱ्यावर कापसाचा पेरा हवा. तो पेरा नोंदवायचा ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एका अ‍ॅपचा सर्व्हर बसला, तर त्याचा फटका नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या अ‍ॅपवर बसतो. शेतकरी ओरडतो तो जिनिंगच्या दारात, दोष मात्र तीन महिने जुना असतो. कोणत्याही वेब डेव्हलपरला हा प्रकार ओळखीचा वाटेल : दोन यंत्रणा वेगवेगळ्या एजन्सींच्या, जोडणीची जबाबदारी कुणाचीच नाही.

ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी, टाटा ट्रस्टच्या सहकार्याने. कल्पना चांगली होती. तलाठ्याने सज्जात बसून पेरा लिहिण्यापेक्षा शेतकऱ्याने बांधावर उभे राहून नोंदवावा. नेटवर्क नसलेल्या शिवारात माहिती भरून नंतर अपलोड करायची सोयही होती, आणि ती ज्याने सुचवली त्याला दाद द्यायला हवी. पण २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, मग केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाचे अ‍ॅप आले. जुने काढा, नवे टाका. झरी-जामणीतल्या कोलाम पोडावर साधा फोन वापरणाऱ्याला ‘अपडेट करा’ हे वाक्य काय सांगणार?

चूक कोडमध्ये की कागदावर?

बहुतेक वेळा कागदावर. जिल्ह्यात ठेक्याने, बटईने शेती करणारे असंख्य आहेत. कापूस त्यांचा, सातबारा मालकाचा. सामाईक सातबाऱ्यावर चार भाऊ, त्यातला एक पुण्यात. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला, किंवा मुलाचा, आणि तो कंपनीत ड्युटीवर. ओटीपी येतो तिकडे, कापूस इकडे. अ‍ॅपच्या लेखी मात्र एक शेत, एक मालक, एक फोन. ही रचना कोड लिहिणाऱ्या पोराने ठरवलेली नसते. विभाग गरजा लिहितो, निविदा निघते, एजन्सी कागदावर आहे तेवढे बांधते. बिल निघते ते अ‍ॅप सुरू झाल्यावर. घाटंजीच्या शेतकऱ्याला स्लॉट मिळाला की नाही, यावर सहसा कुणाचे बिल अडत नाही.

म्हणून ‘भाषा बदला, क्लाउड बदला, एआय लावा’ हा उपाय फसवा आहे. साधने बदलणे सोपे असते, शिवाय त्याचे सादरीकरण छान होते.

याआधी काही शिकलो का?

जून २०१७ मध्ये राज्याने ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली. अर्ज ऑनलाइन, आधारसह. ५० लाखांहून अधिक अर्ज आले. सेतू आणि सेवा केंद्रांवर रात्रीपर्यंत रांगा लागल्या. १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली आणि लगेच याद्यांतला घोळ उघड झाला. एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी, बँकेची माहिती आणि अर्ज जुळेनात. अर्जदार आणि बँक अशा दोघांकडून तीच माहिती मागवून नंतर ती जुळवत बसण्याचा हा परिणाम होता.

डिसेंबर २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्जच काढून टाकला. बँकांनी याद्या दिल्या, शेतकऱ्याने फक्त आधार प्रमाणीकरण करायचे. २४ फेब्रुवारी २०२० ची पहिली यादी होती जिल्ह्यागणिक दोन-दोन गावांची. आधी थोड्यांवर चालवून पाहिले, मग मोठी यादी लावली. यात कुठलेही नवे तंत्रज्ञान नव्हते. अर्जाचे रकाने कमी केले, एवढेच.

मग ‘कपास किसान’चे काय?

अ‍ॅप नकोच, असे म्हणणे चूक ठरेल. स्लॉट असेल तर गाड्या दोन-दोन दिवस केंद्राबाहेर उभ्या राहत नाहीत, आणि पैसे थेट खात्यात येतात. पण सातबारा राज्याच्याच संगणकात आहे, पेराही तिथेच. मग त्याचा फोटो शेतकऱ्याकडून का मागायचा? ठेकेदार शेतकऱ्यासाठी मालकाच्या संमतीचा वेगळा पर्याय ठेवायला किती दिवस लागतात? ओटीपी न आल्यास केंद्रावरच बोटाच्या ठशाने ओळख पटवता येते, रेशन दुकानात ते रोज होते.

चाचणीची जागाही बदलावी लागेल. मे-जूनमध्ये पांढरकवडा किंवा राळेगावच्या दोन-चार गावांत, तिथल्याच शेतकऱ्यांच्या हातात त्यांचेच फोन देऊन नोंदणी करून बघावी. यवतमाळ आणि पुसदला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत; पोरे गावागावांतली आहेत, कुठल्या शिवारात रेंज नाही हे त्यांना पाठ आहे. एजन्सीचे शेवटचे बिल या चाचणीनंतरच निघावे, अशी अट निविदेत घालायला एक ओळ पुरते. निविदा निघण्याआधी ती ओळ घालावी लागेल, सप्टेंबरमध्ये उशीर झालेला असतो.