‘नॉर्मल’ अहवाल आणि आजारी माणूस

सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे ठरते. अंग जड झाले, बोटे मंदावली, की त्याची नोंद डॉक्टरांच्या कागदावर होण्याआधी मजुरीत होते. सतत थकवा, उन्हाळ्यातही वाजणारी थंडी, गळणारे केस, घोगरा झालेला आवाज, वाढणारे वजन अशा तक्रारी घेऊन अशी बाई दवाखान्यात जाते. अवटू ग्रंथीची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या थायरॉईडची, तपासणी पदरचे पैसे खर्चून करून घेते. अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि तिला सांगितले जाते, ‘तुम्हाला काही झालेले नाही.’ दुखणे जिथल्या तिथे राहते. त्यावरचा तिचा हक्क मात्र संपतो.

या ‘नॉर्मल’ शब्दाचा अर्थ तपासून पाहण्याची गरज आहे. नेहमीच्या तपासणीत टीएसएच नावाचा स्राव मोजतात. तो अवटू ग्रंथीचा नव्हे, तर तिला कामाला लावणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा असतो. त्याची सामान्य मर्यादा साधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपास धरतात. निरोगी समजल्या गेलेल्या लोकांचे आकडे घेऊन त्यांतले मधले ९५ टक्के म्हणजे ही मर्यादा. याचाच अर्थ असा की शंभर निरोगी माणसांतली पाच तिच्याबाहेर पडणार. हे प्रमाण वयानुसार बदलते. एकाच दिवसात रात्री चढते आणि दुपारी उतरते. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीवरून अमक्या घरात आज चूल पेटली की नाही हे कळत नाही. तसेच या मर्यादेचे आहे. ती समूहाविषयी बोलते, समोरच्या माणसाविषयी अंतिम निकाल देत नाही.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत ही तपासणी विश्वासार्ह आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती जेथे फसते, ती जागा गरीब स्त्रीच्या आयुष्यातली आहे. बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास पीयूषिका ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटून ती निकामी होऊ शकते. ब्रिटनमधील विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. मोजमाप ज्या ग्रंथीच्या स्रावाचे करायचे, तीच दुखावलेली असल्याने टीएसएचचा आकडा नॉर्मल दिसतो. प्रत्यक्षात अवटू ग्रंथीचा टी-फोर हा स्राव खाली गेलेला असतो. पान्हा न फुटणे आणि पाळी परत न येणे या त्याच्या खुणा. सुरक्षित बाळंतपण ज्यांच्या वाट्याला आले नाही, त्यांच्यातच हा आजार अधिक आढळतो आणि कित्येकदा वर्षानुवर्षे ओळखला जात नाही. ‘बाळंतपणात रक्त फार गेले होते का? बाळाला दूध आले का?’ हे दोन प्रश्न विचारायला कोणतेही यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ.

याच्या उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. अहवाल काहीही असो, लक्षणे आहेत तर थायरॉक्सिनची गोळी सुरू करा, हा तो सोपा मार्ग. लक्षणे असूनही तपासण्या नॉर्मल असलेल्यांवर स्कॉटलंडमध्ये झालेला एक लहान प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या गोळीचा गुण औषधहीन गोळीपेक्षा अधिक आढळला नाही. अनावश्यक थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडे ठिसूळ होतात. शीहानच्या विकारात तर कॉर्टिसोल या दुसऱ्या स्रावाची उणीव आधी भरून न काढता ही गोळी दिल्यास जिवावर बेतू शकते.

शिवाय थकव्याची कारणे अनेक असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य यांचीही लक्षणे अशीच दिसतात. तेव्हा अवटू ग्रंथीचा अहवाल नॉर्मल येणे म्हणजे एक कारण बहुधा बाद होणे. शोध तेथे संपत नाही. पुढच्या कारणाकडे वळतो.

मग तो शोध थांबतो का? कारण बाजारात चाचणी विकता येते, ऐकून घेणे विकता येत नाही. यंत्रातून निघालेल्या प्रत्येक आकड्याला किंमत आहे. रुग्णाची हकीकत ऐकण्यात गेलेल्या पाव तासाला कोणी मोल देत नाही. म्हणून सवलतीच्या दरातील ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या जाहिराती गल्लोगल्ली लागतात आणि सरकारी दवाखान्याच्या रांगेत रुग्णाच्या वाट्याला दोन मिनिटे येतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के भाग लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला. सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता; २०१७ च्या आरोग्य धोरणाने मात्र २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते. या तुटीतूनच डॉक्टरांची रिक्त पदे आणि दोन मिनिटांची तपासणी जन्माला येते. तिचा पहिला फटका स्त्रीला बसतो, कारण तिचे दुखणे ‘मनाचे खेळ’ म्हणून वाटेला लावणे सर्वांत सोपे असते.

म्हणून मागणी केवळ मोफत चाचण्यांची असून भागणार नाही. लक्षणे टिकून राहिलेल्या रुग्णाचे टीएसएचबरोबर टी-फोर आणि हिमोग्लोबिनही तपासले जावे. बाळंतपणाचा इतिहास लिहून घेतला जावा. काही महिन्यांनी फेरतपासणी व्हावी. गरज पडल्यास वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. आणि यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरेसे डॉक्टर असावेत. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी अशा रुग्णांची जुनी कागदपत्रे एकत्र लावून देणे आणि त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणे, एवढे तर आजपासून होऊ शकते. निदान हा रुग्णाचा अधिकार आहे. ‘काही झालेले नाही’ हे वाक्य पूर्ण शोध घेतल्यानंतरच उच्चारण्याचा अधिकार वैद्यकाला पोहोचतो.