डीजेला दम लागत नाही

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडं माणसांच्या लग्नांचा नंबर लागतो. यंदा आमच्या घरातही एक लग्न आहे, धाकट्या मुलाचं. मांडव, आचारी, पत्रिका, कपडे, सगळं बिनभांडणाचं ठरलं. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. मी म्हणालो, परण्याला बँड सांगायचा, डीजे नाही. पोरगा म्हणाला, "पप्पा, लग्न माझं एकदाच होणार आहे. बँड आता कोण सांगतं? मित्र हसतील."

चार दिवस घरात अबोला होता. म्हणून म्हटलं, जे घरात धड बोलता आलं नाही ते इथं लिहावं. परभणी जिल्ह्यात यंदा हा वाद एकट्या माझ्या घरात नसणार.

मी बँडवर का अडून बसलो, ते आधी सांगतो.

गेल्या वैशाखात भाच्याचं लग्न होतं, जिंतूर रोडवरच्या एका गावात. परण्याला बँड सांगितलेला आणि डीजेही सांगितलेला. नवरदेव घोड्यावर बसला, बँडवाल्यांनी सुरुवात केली. मास्तर साठीच्या पुढचे, अंगात लाल कोट, खांद्यावर रंग उडालेल्या पिवळ्या झालरी, वर बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन. त्यांनी ट्रंपेटवर पहिलं गाणं धरलं ते रफीसाहेबांचं, १९६६ च्या 'सूरज' सिनेमातलं, फुलांना वाटेत बरसायला सांगणारं. कोणतं ते तुम्हाला सांगायची गरज नाही, तुमच्या लग्नातही तेच वाजलं असेल. ओट्यावर बसलेल्या आमच्या मावशीनं डोळ्याला पदर लावला.

दहा मिनिटंही झाली नसतील. मागून डीजेचा टेम्पो आला, पोरांनी बँडवाल्यांना हातानंच सांगितलं, बस करा. पुढचं काही ऐकू आलं नाही. घराचे पत्रे थरथरायला लागले, दावणीची जनावरं कासरा ओढायला लागली. शेजारच्या घरात बायपास झालेले एक काका होते, त्यांना सुनेनं मागच्या दारानं मळ्यात नेलं.

मास्तर आणि त्यांची बारा माणसं लिंबाखाली जाऊन बसली. मी जवळ गेलो. म्हणालो, "मास्तर, वाईट वाटून घेऊ नका, पोरं आहेत." ते म्हणाले, "वाईट कशाचं मालक, सुपारी तर मिळालीच की. पण सकाळपासून ओठ तयार करून बसलो होतो."

त्यांचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ट्रंपेट तोंडात धरून फुंकलं की वाजतं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. सूर ओठांच्या थरथरीतून निघतो. तीनच चाव्या असतात, बाकी सगळे सूर ओठ आणि श्वास बदलून काढायचे. रोज सराव नसला की ओठ सुटतात. चालत, उन्हात, धुळीत, फटाक्यांच्या धुरात हे करायचं. त्या दिवशी त्या माणसाला आपण बारा माणसांसकट झाडाखाली बसवलं. आणि खरं सांगतो, मीही काही बोललो नाही. डीजेच्या वर्गणीत माझेही पैसे होते. बँडला जेवढे दिले त्याच्या तिपटीहून जास्त डीजेला दिले होते. पंगतीतही बँडवाले शेवटी बसले, तेव्हा भाजी संपून नुसती आमटी उरली होती.

थोडं मागं जाऊ. हा बँड आपल्याकडं इंग्रजांच्या पलटणींबरोबर आला. पलटणींचं बघून राजेरजवाड्यांनी आपापले बँड उभे केले, आणि तिथून तो लग्नाच्या मांडवात शिरला. वाद्यं इथंच बनायला लागली. उत्तर प्रदेशात मेरठला जली कोठी नावाचा भाग आहे, तिथल्या नादिर अली कंपनीचा कारभार १८८५ पासूनचा आहे. देशभरातल्या लग्नातली पितळी वाद्यं मोठ्या प्रमाणात त्या एका शहरातून येतात. तिकडं गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून पोरांना नोटेशन शिकवलं जायचं. तीच पोरं पुढं मुंबईच्या स्टुडिओत जाऊन हिंदी सिनेमाच्या प्रेमगीतांत ट्रंपेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वाजवायला लागली. ती गाणी रेडिओवरून आपल्या गावात आली आणि आपल्या बँडवाल्यांनी ती कानानं ऐकून उचलली. बहुतेकांना नोटेशन वाचता येत नाही. पाचशे गाणी डोक्यात, एकही कागदावर नाही.

आपल्या भागात हे वाजवणारे कोण, हेही उघड बोललं पाहिजे. बरेचसे मातंग समाजातले, काही मुस्लीम. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हलगी, सनई, संबळ वाजवलं, त्यांनीच पुढं क्लॅरिनेट आणि ट्रंपेट हातात घेतलं. वाजवणाऱ्याशिवाय आपलं कुठलंच शुभकार्य होत नव्हतं, आणि वाजवणाऱ्याला मांडवाच्या आत मात्र जागा नव्हती. तेव्हा 'जुनी परंपरा टिकवा' असलं गोड भाषण मी करणार नाही. मास्तरांचा नातू परभणीत शिकतो. तो उद्या ट्रंपेट न धरता नोकरी धरेल तर मला आनंदच आहे. कुणी वाजवावंच असा आग्रह धरायचा आपल्याला हक्क नाही. पण जो वाजवतोय, ज्याला वाजवायचंय, त्याला कलाकार म्हणून वागवायचं की नाही, एवढंच मी विचारतोय.

आता जरा लांबची गोष्ट. मोबाईलवर एकदा मेक्सिकोतल्या बँडचा व्हिडिओ समोर आला. वाटलं आपलाच परण्या आहे. तेच ट्रंपेट, क्लॅरिनेट, मोठा ढोल, अंगाभोवती गुंडाळलेला तो भलामोठा भोंगा, तसेच एकसारखे भडक कोट. मग वाचत गेलो. तिथं सिनालोआ नावाचं राज्य आहे, हे वाजवणं तिथलं. तिथल्या बंदराच्या गावात जर्मन व्यापारी येऊन राहिले होते. त्यांचं संगीत आणि लष्करी बँड यांतून हा प्रकार तयार झाला असं सांगतात. म्हणजे 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही आपली म्हण निदान बँडपुरती तरी खरी निघाली म्हणायची!

तिथं एल रेकोदो नावाच्या खेड्यात क्रूस लिसारागा नावाच्या माणसानं १९३८ साली बँड काढला. घरचं डुक्कर विकून त्यानं पहिलं क्लॅरिनेट घेतलं अशी आख्यायिका आहे. आधी नुसतं वाजवायचे, गायक नंतर आले. प्रेमाची गाणी, विरहाची गाणी, दारू पिऊन रडायची गाणी. तोच बँड आज त्याची मुलं चालवतात आणि तिकीट काढून हजारो लोक ऐकायला जातात. तिथल्या तरुण पोरांना बँड म्हणजे म्हाताऱ्यांचं काहीतरी असं वाटत नाही. त्यांची प्रेमगीतंच मुळी बँडवर आहेत.

आवाजाचं भांडण तिथंही झालं. मार्च २०२४ मध्ये मासात्लान शहरातल्या हॉटेलवाल्यांनी तक्रार केली की किनाऱ्यावरच्या बँडमुळं पाहुण्यांना त्रास होतो. वाजवणारे शेकडोंनी रस्त्यावर उतरले आणि वाजवतच मोर्चा काढला, पोलिसांशी झटापटही झाली. त्यानंतर सरसकट बंदीची भाषा मागं पडली आणि वाजवायची वेळ ठरवण्यावर बोलणी आली. ती बातमी वाचून मला आपले मास्तर आठवले. आपल्याकडं बँड बंद पडतोय तो कुठल्या हुकमानं नाही. आपणच हातानं 'बस करा' म्हणतोय, आणि मोर्चा काढायला कुणी उरलेलं नाही.

कुणी म्हणेल, बँडचाही आवाज होतोच की. होतो. जवळ उभं राहिलं तर ट्रंपेट कानठळ्या बसवतं. काही बँडवाल्यांनीही आता गाडीवर कॅसिओ आणि भोंगे चढवलेत, तो अर्धा डीजेच झालाय, आणि ते मला पटत नाही. पण एक फरक बघा. बँडवाल्याला दम लागतो. दोन गाणी झाली की तो थांबतो, पाणी पितो, तेवढ्यात गाव श्वास घेतं. डीजेला दम लागत नाही. जनरेटरमध्ये डिझेल आहे तोवर तो चालतो. शिवाय बँडचा आवाज चार घरं ओलांडली की मऊ होतो. डीजेचा बेस भिंतीतून, जमिनीतून, छातीतून येतो.

कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण आपल्याकडं 'पोलीस बघतील' म्हणून सगळे मोकळे होतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र धरता येतं, तिथं मर्यादा आणखी कमी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं हे पक्कं केलं. ही रात्रीची बंदी वाजवायच्या वाद्यांनाही आहे, म्हणजे दहानंतर बँडही नको, हे मला मान्य आहे. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ताकद दहापट होते. ५५ च्या जागी ९५ झाले तर ती दहा हजारपट झाली. मग पत्रे का थरथरतात ते कळतं.

डीजेवाली पोरंही आपलीच आहेत, हे मी विसरलेलो नाही. कुणी कर्ज काढून टेम्पो उभा केलाय, हप्ते चालू आहेत. सोयाबीनला भाव नाही, नोकरी नाही, मग पोरगं काहीतरी धंदा करणारच. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. आवाज किती ठेवायचा हे तो ठरवत नाही, पैसे देणारा ठरवतो. म्हणजे आपण. मांडवात मर्यादेतल्या आवाजात गाणी लावा, कुणाची ना नाही. रस्त्यावर भिंतीएवढे बॉक्स लावून गावाला वेठीस धरणं तेवढं बंद करा.

आणि पोरांना बँडवर नाचता येत नाही हे मी मानत नाही. 'सैराट' आला २०१६ साली. त्या गाण्यांवर आपली पोरं बेभान होऊन नाचली. त्याच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. माणसांनी हातानं आणि तोंडानं वाजवलेलं ऐकायला आपण थिएटरात पैसे मोजले. तशीच माणसं दारात लाल कोट घालून उभी आहेत, तर त्यांना झाडाखाली बसवतो.

म्हणून चार गोष्टी मागतोय. गावानं ठराव करायची वाट बघू नका, आपापल्या घरापुरत्या करा.

एक, बँड सांगितला असेल तर त्याला पूर्ण वाजवू द्या. डीजेच्या आधीची वेळ भरून काढायला त्याला बोलावू नका.

दोन, बँडवाल्यांना पहिल्या पंगतीला बसवा. वाढताना हात आखडू नका. यात पैसे लागत नाहीत.

तीन, ठरलेले पैसे त्याच दिवशी द्या. 'आहेर मोजून झाला की बघू' म्हणून रात्री अकरापर्यंत त्यांना थांबवून ठेवू नका. त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जायचं असतं.

चार, राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. महिन्याला ५००० रुपये मिळतात. पन्नाशी ओलांडलेल्या कलाकाराला अर्ज करता येतो. आपल्याकडं भजनी, कीर्तनकार, शाहीर अर्ज करतात. माझ्या ओळखीच्या एकाही बँडवाल्यानं केलेला नाही, कारण 'आपण कलाकार आहोत' असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. गावातल्या शिकलेल्या पोरांनी एक संध्याकाळ काढून एका म्हाताऱ्या बँडवाल्याची कागदपत्रं जमवून दिली, तर या पोस्टचं सार्थक झालं म्हणेन. मी एका माणसाचं काम हातात घेतलंय. कोणाचं ते ओळखलंच असेल तुम्ही.

आता घरातल्या भांडणाचं. पाचव्या दिवशी मी पोराला गाडीवर मागं बसवलं आणि मास्तरांच्या घरी घेऊन गेलो. काही समजावलं नाही. पोरानंच विचारलं, "काका, सैराटचं नाचायचं गाणं येतं का तुम्हाला?" मास्तरांनी पेटीतून ट्रंपेट काढलं, पदरासारखं फडकं बाजूला केलं आणि अंगणातच वाजवलं. शेजारची चिल्लीपिल्ली जमली, नाचायला लागली. पोरगा थोडा वेळ बघत उभा राहिला. मग त्यानंच विचारलं, "इसार किती द्यायचा?"

अट एकच घातली त्यानं. परण्याला अर्धा तास नाही, मारुतीपासून मांडवापर्यंत पूर्ण वाजवायचं. मास्तर म्हणाले, "वाजवतो की. मधी दोनदा पाणी पिऊ द्या म्हणजे झालं."

तुमच्या गावात यंदा काय ठरलंय ते लिहा. ज्यांच्या घरात असाच वाद चालू आहे त्यांनी आधी भांडू नका. पोराला एकदा गावातल्या मास्तरांच्या अंगणात घेऊन जा.