पंगतीबाहेर टाकलेले पाऊल

छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या गावांत हल्ली एका निरूपणकारांचे मत फार ऐकू येते. ज्याची देवावर श्रद्धा आहे त्याने आहे तिथेच समाधानाने राहावे. नेमून दिलेली चौकट ओलांडणे म्हणजे त्या देवावरच अविश्वास. आधाराला तुकोबांचा एखादा चरण आणि शेवटी प्रसाद. श्रोत्यांना हे पटते, कारण घरचे काहीही न हलवता भक्त म्हणवून घेता येते.

संत एकनाथांचे पैठण इथून जेमतेम पन्नास किलोमीटर. तरीही हे मत इथे टाळ्या घेऊन जाते, याचा संताप यायला हवा.

तुकोबांच्या चरणाचे उत्तर एका ओळीत देता येते: घरच्या सावकारीतले आपल्या वाट्याचे कर्जखत इंद्रायणीत बुडवणाऱ्या माणसाने चौकट राखली, असे कोणी म्हणू नये. घर सोडता येत नाही, संसाराची जबाबदारी असते, हा निरूपणकारांचा दुसरा मुद्दा. त्याकडे पुढे येऊच.

खरा मुद्दा तिसरा. नाथांची गोष्ट काढली की निरूपणकार हात जोडतात आणि म्हणतात, "ते अवतारी पुरुष, आपण सामान्य." वरकरणी ही नम्रता वाटते, प्रत्यक्षात संतांना देव्हाऱ्यात बसवून त्यांच्या वाटेने न जाण्याची ही सोय आहे. एकनाथांची कहाणी परंपरा ज्या क्रमाने सांगते त्याच क्रमाने पाहावी. आईबाप लहानपणीच गेले, आजी-आजोबांनी वाढवले. बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घर सोडून देवगिरीला, किल्लेदार जनार्दनस्वामींकडे गेला. पुढे पैठणला परतला, गिरिजाबाईंशी लग्न करून गृहस्थ झाला. वेदशास्त्राचे पीठ म्हणून मिरवणाऱ्या गावात मानाचे स्थान असलेला हा माणूस. गमावण्यासारखे त्याच्याजवळ भरपूर होते. अशा माणसाने श्राद्धाचे अन्न दारातल्या भुकेल्या महार कुटुंबाला वाढले, तापलेल्या वाळूत रडणारे एका महाराचे पोर कडेवर घेतले, रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानलेल्या गाढवाला पाजली. पितर स्वतः जेवायला उतरले, हा भाग ज्याला मानायचा त्याने मानावा. ब्रह्मवृंदाचा बहिष्कार मात्र समजायला चमत्कार लागत नाही. वाळीत पडणे म्हणजे काय, हे मराठवाड्यात कोणालाही विचारावे.

अवतारी पुरुषाला बहिष्काराची झळ लागत नाही, असे कोणी म्हणेल. मग नाथांच्या घरातच पाहावे. मुलगा हरिपंडित बापाच्या मराठी निरूपणावर रुसून काशीला गेला आणि परत आला तो अटी घालून, असे परंपरा सांगते. पोटच्या पोराची नाराजी सामान्य बापाला बोचते तितकीच नाथांनाही बोचली असणार. भागवताच्या अकराव्या स्कंधावरील मराठी टीका त्यांनी पैठणला सुरू केली आणि १५७३ मध्ये काशीत, संस्कृत पंडितांच्या समोर पूर्ण केली. भारुडांत तर ते महाराच्या, गोंधळ्याच्या, फकिराच्या तोंडाने बोलले. पंगत सोडून ते दुसऱ्याच्या बोलीत जाऊन बसले.

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीच्या बहिणाबाईंना तर अवतारीपणाचेही कवच नव्हते. जन्म १६२८ चा. त्या ब्राह्मणाच्या पत्नी, गुरू मानला तो देहूचा कुणबी वाणी, तुकोबा. नवऱ्याच्या माराची आणि संतापाची हकिकत त्यांनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवली आहे. त्यांनी संसार सोडला नाही आणि गुरूही सोडला नाही. त्यांची समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरला आहे.

जबाबदारीच्या मुद्द्याचे उत्तर इथे आपोआप मिळते. नाथ आणि बहिणाबाई दोघेही प्रपंचात राहिले. पणाला लागली ती लोकांतली पत. निरूपणकारांनी घर सोडण्याची भीती दाखवली. पंगत सोडण्याविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही.

या शहराने १९७८ ते १९९४ मराठवाडा विद्यापीठाच्या नावावरचे भांडण पाहिले आहे. त्या काळातही "शांत बसा, आहे ते चालू द्या" असे सांगणारे देवभक्त कमी नव्हते. जळालेली घरे त्यांनीही पाहिली होती. तो वाद इथे उकरायचा नाही, फक्त सल्ला तोच आहे हे नोंदवायचे.

आजच्या माणसाने करायचे काय? देशोधडीला लागायची गरज नाही. भाड्याने घर द्यायचे असेल तर आडनाव आणि धर्म विचारून नकार देऊ नये. सोसायटीत कुजबुज होईल, नातेवाईक फोन करतील. तेवढे देवावर सोपवावे. घरकामाच्या मावशींचा वेगळा कप काढून टाकावा. देवावरचा विश्वास इथेच कसाला लागतो.

फाल्गुनात नाथषष्ठी येते. १५९९ मध्ये नाथांनी ज्या गोदावरीत देह ठेवला, तिच्या काठी लाखोंची गर्दी जमते. निरूपणकारांनीही यावे, आणि तिथल्या व्यासपीठावरून तरी एकदा श्राद्धाच्या त्या जेवणाची गोष्ट, बहिष्कारासकट, पूर्ण सांगावी.