ग्रे सेफ असतो म्हणे!

मागच्या शनिवारी किचनची शटर निवडायला गेलो होतो. तीन तास बसलो. चौदा तुकडे समोर आले आणि चौदाच्या चौदा राखाडी. कुणी ॲश, कुणी स्लेट, कुणी स्मोक. बायकोने हळूच विचारलं, "एखादा रंग बघू या का?" तर डिझायनर बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने मॉड्युलर किचनमध्ये चूल मागितली. "मॅम, ग्रे सेफ असतो. कशावरही जातो. आणि रीसेललाही बरा."

हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या मित्रांकडे ऐकलंय की आता राहवत नाही.

तर मंडळी, ग्रे कशावरही जात नाही. उलट शेजाऱ्यामुळे सगळ्यात लवकर बिघडणारा रंग हाच. लाल कुठेही ठेवा, लालच दिसतो. ग्रेला स्वतःचं असं फारसं काही नसल्यामुळे शेजारचा रंग त्याला आपल्या विरुद्ध बाजूला ढकलतो. मिशेल शेवरल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचे प्रमुख होते. तिथे तक्रार यायची की काळा धागा धड काळा दिसत नाही. त्यांनी शोधलं तर खोट धाग्यात नव्हतीच, शेजारच्या रंगांमुळे डोळा फसत होता. १८३९ साली त्यांनी यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

आता आपल्याकडे या. बिल्डरने दिलेली फरशी बहुतेक घरांत क्रीम नाहीतर बदामी. तिच्यावर ग्रे शटर उभं केलं की शटर निळसर दिसतं आणि फरशी आणखी पिवळी, म्हणजे आठवडाभर पुसलीच नाही अशी. माझ्या एका मित्राने शेवटी नवी कोरी फरशी फोडून ग्रे बसवली. कशावरही जाणारा रंग, बरं का!

त्यात पुन्हा ग्रे म्हणजे काळा अधिक पांढरा असं नसतं. नुसतं तेवढंच मिसळलं तर निळसर झाक येते. म्हणून मशीनवर त्यात थोडा पिवळा, थोडा तांबडा टाकतात, आणि ही झाक उजेडाप्रमाणे कधी वर येते, कधी दबते. शोरूममध्ये असतात उबदार पिवळे दिवे, आपल्या ओट्यावर असते ६५०० केल्विनची पांढरीफटक ट्यूब. तिथे जुळलेलं लॅमिनेट आणि भिंतीचा रंग घरी आल्यावर सवतीसारखे वागतात. याला मेटामेरिझम म्हणतात. दुकानदार याला "सर, तुम्हाला तसं वाटतंय" म्हणतात.

आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले तर महामूर्ख. आम्हाला वाटतं ग्रे म्हणजे तीन सारखे आकडे. १२८, १२८, १२८, झाला मधला ग्रे. (सीएसएसमध्ये 'डार्कग्रे' हा 'ग्रे'पेक्षा फिका आहे. हे ठाऊक असूनही आम्ही मोबाईलवर फोटो बघून शेड ठरवतो!) स्क्रीनवरचा हा मधला ग्रे प्रत्यक्षात पांढऱ्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड देतो. अनेक शेडकार्डांवर एलआरव्ही नावाचा आकडा असतो, ० ते १००. ५० म्हणजे मध्यम असं समजू नका, तो चांगलाच फिका असतो. डोळ्याला 'मध्यम' वाटणारा ग्रे विशीच्या आसपास, म्हणजे पडलेल्या उजेडातला पाऊण भागाहून जास्त खाऊन टाकणारा. तो सगळ्या शटरना लावायचा आणि मग "किचन अंधारं वाटतंय" म्हणून छताला दिवे ठोकायचे!

हे फॅड आलंय थंड देशांतून. स्टॉकहोमला डिसेंबरात सहा तास कसाबसा दिवस असतो, सूर्य क्षितिजाला घासून जातो. त्या मंद उजेडात फिका ग्रे, फिकं लाकूड छानच दिसतं, त्यांचं चुकत नाही. पुण्यात वर्षातून दोनदा सूर्य चक्क डोक्यावर येतो. आपली अडचण ऊन नसण्याची नाही, ड्राय बाल्कनी आणि समोरच्या बिल्डिंगने ते अडवण्याची आहे. आणि कॉपीसुद्धा धड नाही. पँटोनने २०२१ साठी 'अल्टिमेट ग्रे' निवडला तेव्हा जोडीला पिवळाधमक रंगही दिला होता. आपण ग्रे तेवढा उचलला. पिवळा आपला आपण आणतो, हळदीच्या डागांतून. त्यावर साबण लावला की डाग लाल. असो.

इथवर सगळं आवडीनिवडीचं म्हणून सोडूनही दिलं असतं. पण दिवाळीत भावाकडे गेलो होतो. नवं किचन. ओटा ग्रे, शटर ग्रे, डॅडो ग्रे, हँडल नाहीतच. आई सत्तरीची, एका डोळ्यात मोतीबिंदू. तिने आमटीचं उकळतं पातेलं ओट्यावर टेकवलं ते अर्धं हवेत. उलटलं. पायाच्या बोटभर अंतरावर आमटी. वहिनी म्हणाली, "आईंना हल्ली दिसत नाही हो." दिसतं की! रोज पेपर वाचते, शब्दकोडं सोडवते. मोतीबिंदूत आधी जातो तो दोन जवळच्या छटांमधला फरक. तिला कड दिसली नाही, कारण आपण कडच ठेवली नव्हती. आई बिचारी "माझंच चुकलं" म्हणत फरशी पुसत बसली. मला ते अजून विसरता येत नाही.

कुणी म्हणेल, आजीकडे कडप्पा होताच ना? होता. काळाकुळकुळीत, त्यावर पिठाची चिमूटही दिसायची. आणि ग्रे म्हणाल तर भिंतीवरची स्टीलची मांडणी होती की, डब्यांसकट! तेवढा ग्रे पुरे असायचा, मागची भिंत पिस्ता नाहीतर गुलाबी ऑइलपेंटची.

रीसेलचं तर काय बोलावं. वीस वर्षांचं कर्ज आपण फेडायचं आणि रंग मात्र न भेटलेल्या गिऱ्हाइकाच्या आवडीचा, जो आल्याआल्या आधी किचनच उपटणार. आणि आजोबांच्या सागवानी कपाटाला ग्रे फासणाऱ्यांना तर माझ्याकडून माफी नाही. सागाच्या अंगात तेल असतं, नीट तयारी न करता मारलेला रंग पोपडे धरतो. मग बसा खरवडत.

ग्रेच हवा असेल तर जरूर घ्या, पण दोन बाय दोनच्या प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारून तो घरी आणा. पांढऱ्या भिंतीला नको, आपल्या फरशीवर टेकवून ठेवा. सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूब लावून बघा. लॅमिनेटचा तुकडाही शेजारी असू द्या. आणि ओट्याची कड काहीही झालं तरी वेगळ्या रंगाची.

आमच्याकडे असे तीन तुकडे आठवडाभर पडून होते. दोन ग्रे, एक डाळिंबी. येताजाता आईला विचारलं, तिने दोन्ही ग्रेंना "हे एकच आहेत ना?" विचारलं आणि डाळिंबीवर हात ठेवला. बाईंना कळवलं. त्यांनी कोटेशनमध्ये डाळिंबीला 'स्पेशल शेड' म्हणून जादा पैसे लावलेत, त्यावर सध्या घासाघीस चालू आहे.