जखमेची नोंद कोणत्या वहीत?

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथालय येते, पदवीदान समारंभ येतो, कुलगुरूंच्या निवडीवरून रंगणारे वाद येतात. ॲसिडची बरणी उचलणारा प्रयोगशाळा परिचर, खिडकीबाहेर लोंबकळत काचा पुसणारा कंत्राटी मजूर किंवा मध्यरात्री वसतिगृहाच्या फाटकावर बसलेला पहारेकरी येत नाही. ‘विद्येचे मंदिर’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सवयीने करतो, की मंदिराच्या पायरीवरूनही माणूस घसरतो आणि त्याचा पाय मोडतो, याचा विसर पडतो. तो मोडला तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा कायदा हाती लागला, पण वही सापडली नाही.

कायद्याची गोष्ट आपल्या मुंबईपासूनच सुरू करता येते. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. तेथे मंजूर झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. त्यातली आठवड्याच्या सुटीची मागणी आपल्याला पाठ आहे. ती १८९० मध्ये गिरणीमालकांनी मान्य केली, म्हणून तर आज ही पुरवणी आपण निवांत चाळत आहोत. त्याच निवेदनातली दुसरी मागणी मात्र फारशी कोणाला आठवत नाही. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय व्हावी, अशी ती मागणी होती. तिला कायद्याचे रूप यायला १९२३ साल उजाडले. त्या साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला.

हा कायदा वाचण्यासारखा आहे. बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला तर तो खास आवडावा, कारण त्यात शरीराचा दरतक्ता आहे. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के कमी झाली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२, करंगळी ७. (एकलव्याच्या गुरुदक्षिणेचा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला, पण गुरू-शिष्यांत मालक-नोकर हे नाते नसल्याने दावा टिकला नसता.) वयानुसार एक गुणक ठरतो, चाळिशीच्या माणसासाठी तो १८४.१७ आहे. पगार कितीही असो, हिशेबात धरायची मर्यादा जानेवारी २०२० मध्ये दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. त्याआधी ती ८,००० होती. म्हणजे चाळीस वर्षांच्या, पंधरा हजार किंवा अधिक पगाराच्या माणसाचा अंगठा गेला, तर १५,००० चे ६० टक्के गुणिले १८४.१७, त्याचे ३० टक्के. हे होतात ४,९७,२५९ रुपये. माणूसच गेला तर पन्नास टक्क्यांनी हिशेब करून १३,८१,२७५ रुपये.

आता हे पैसे विद्यापीठातल्या माणसाला मिळतात का? कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीत कोणकोणत्या कामांवरची माणसे कायद्याखाली येतात, त्याची लांबलचक यादी होती. हत्ती सांभाळणारे त्यात होते. सापाचे विष काढणारेही होते. क्ष-किरणांच्या उपकरणांशी संबंध येणारे, इमारत बांधणारे व दुरुस्त करणारे, झाडे तोडणारे, सगळे होते. विद्यापीठ असा शब्द मात्र माझ्या वाचनात कोठे आला नाही. म्हणजे विद्यापीठाच्या माणसाला आपले काम या यादीतल्या कोणत्या तरी ओळीत बसवून दाखवावे लागे. माळी, सुतार किंवा वाहनचालक कदाचित बसवू शकेल. ज्याच्या कामाचे वर्णनच ‘पडेल ते काम’ असे आहे, त्या शिपायाने काय करावे? कारकुनांना तर २००९ ची दुरुस्ती होईपर्यंत हा कायदा बाहेरच ठेवत होता.

विद्यापीठ म्हणजे नक्की काय, याबद्दल न्यायालयांचेही एकमत टिकलेले नाही. हा वाद औद्योगिक विवाद कायद्याखालचा, पण त्याची सावली सगळ्यांवर पडते. १९६३ मध्ये दिल्ली विद्यापीठ विरुद्ध रामनाथ या खटल्यात प्रश्न होता विद्यार्थिनींच्या बसगाड्यांवरच्या चालकांचा. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, शिक्षण हा उद्योग नव्हे. तेव्हा चालकाला कामगाराचे हक्क नाहीत. १९७८ मध्ये बंगलोर पाणीपुरवठा प्रकरणात न्या. कृष्णा अय्यर यांच्या निकालाने हे मत उलटवले. पुढे १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात न्यायालयाने ठरवले, की शाळा उद्योग असेल, पण शिक्षक कामगार नव्हे. १९७८ चा निकालच तपासून पाहण्यासाठी २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला गेला. बसचालकाचा एक प्रश्न किती दशके गाडीतून उतरत नाही, ते पाहा.

परदेशात तरी हे सुरळीत असेल असे समजू नये. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हवेशी संबंध येताच पेटणारे एक रसायन सिरिंजमधून सांडले. तेवीस वर्षांची संशोधन साहाय्यक भाजली आणि अठरा दिवसांनी गेली. विद्यापीठाला दंड झाला, प्रमुख प्राध्यापकावर फौजदारी आरोप ठेवले गेले. हे घडू शकले, कारण ती विद्यार्थिनी नव्हती, पगारी कर्मचारी होती. तिच्या शेजारच्या टेबलावर तोच प्रयोग करणारा विद्यार्थी भाजला असता, तर कामगार सुरक्षेची ती यंत्रणा त्याच्यासाठी हललीच नसती. आपल्याकडे शिष्यवृत्तीवर रात्र-रात्र प्रयोगशाळेत राबणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांची गत याहून वेगळी नाही.

तरीही माझी तक्रार कायद्यातल्या फटींबद्दल कमी आणि नोंदीबद्दल जास्त आहे. बँकेत दिवसाचा मेळ त्याच दिवशी बसवावा लागतो. रुपयाचा फरक राहिला तरी शाखा बंद होत नसे. ज्या व्यवहाराचे व्हाउचर नाही तो व्यवहार झालाच नाही, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकलो. जखमेचे व्हाउचर कोण बनवतो?

माझ्या परिचयाचे एक प्रयोगशाळा परिचर आहेत. बरणी फुटून नायट्रिक ॲसिड त्यांच्या उजव्या हातावर सांडले. विभागप्रमुख भला माणूस. त्यांनी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेले, मलमाचे पैसे खिशातून दिले, चार दिवस ‘या नका, सही मी पाहतो’ म्हणाले. हजेरीपटावर परिचर हजर राहिले. पुढे बोटे आखडली आणि त्यांनी अर्ज केला, तेव्हा कार्यालयाने विचारले, अपघात झाला त्या दिवशी तुम्ही पूर्ण वेळ कामावर होता, मग अपघात कधी झाला? विभागप्रमुख निवृत्त झाले होते. त्यांच्या चांगुलपणाने हाताला मलम मिळाले आणि हक्काचा पुरावा पुसला गेला. आपल्याकडच्या अनेक संस्था अशा चांगुलपणावर चालतात. तो खोटा नसतो, फक्त त्याची पावती मिळत नाही.

शासकीय रजा नियमांत अशा माणसासाठी विशेष विकलांगता रजा आहे. ती चोवीस महिन्यांपर्यंत मिळू शकते. पण तिची अट अशी, की विकलांगता घटनेपासून तीन महिन्यांत प्रकट झाली पाहिजे आणि कर्मचाऱ्याने ती तत्परतेने कळवली पाहिजे. म्हणजे पुन्हा कागद. १९२३ च्या कायद्यात मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास मालकाने सात दिवसांत आयुक्तांना अहवाल पाठवायचा होता, जखमीने दोन वर्षांत दावा करायचा होता, आणि देय रक्कम महिन्याभरात न दिल्यास बारा टक्के व्याज होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा सामावला गेला. मूळ चौकट तीच राहिली.

सर्वांत अवघड जागी आहे तो कंत्राटदाराचा माणूस. कायदा म्हणतो, कंत्राटदार असला तरी मुख्य मालकाने आधी भरपाई द्यावी आणि मग ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. पण त्यात एक मेख आहे: ते काम मुख्य मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असले पाहिजे. विद्यापीठाचा वकील म्हणणार, आमचा व्यवसाय शिकवण्याचा. पहारा आणि झाडलोट हा नव्हे. मला हा युक्तिवाद लबाडीचा वाटतो. पहाऱ्यावाचून आणि झाडलोटीवाचून विद्यापीठ एक आठवडा चालवून दाखवावे, मग हा मुद्दा मांडावा.

धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तांनी भरपाई मंजूर केली, उच्च न्यायालयाने ती नाकारली. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की वेळ, जागा आणि काम यांचा संबंध दिसत असेल तर कामावर जातानाचा अपघातही कामावरचाच. आणि भरपाई पुन्हा बहाल केली. मधे बावीस वर्षे गेली. तो पाळीला निघाला होता हे सिद्ध करता आले, म्हणून एवढे तरी झाले.

विद्यापीठाच्या प्रत्येक विभागात, वसतिगृहात आणि उपाहारगृहात एक अपघातवही असावी. पाने क्रमांक घातलेली, नोंद त्याच दिवशीची, आणि नकल जखमीच्या हातात. राज्य कामगार विमा योजनेखालच्या आस्थापनांना अशी वही ठेवणे फार पूर्वीपासून बंधनकारक आहे, त्यामुळे ही काही नवी कल्पना नव्हे. तोवर जखमीने साध्या कागदावर दोन ओळी लिहून आवक क्रमांक घ्यावा, आणि दवाखान्यात केसपेपर लिहिला जात असताना तो स्वतः वाचावा. मुकादम सोबत आलेला असतो, डॉक्टर घाईत असतात आणि ‘कसे लागले?’ या प्रश्नाला मुकादमच उत्तर देतो. कागदावर लिहिले जाते: ‘घरी पडला.’

ती ओळ तेथल्या तेथे दुरुस्त करून घेता येते. महिन्याभराने नाही.