साम्राज्याची फौज, आपली माणसं

संगमनेरच्या परिसरातल्या निमज गावचे नामदेव जाधव 9 एप्रिल 1945 रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर लढत होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा तेवीस वर्षांचा शिपाई. जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सोबतची तुकडी कापली गेली, तेव्हा जाधवांनी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पलीकडे नेलं, आणि मग मशीनगनची ठाणी एकट्यानं मोडून काढली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते मायदेशी परतले आणि 1984 मध्ये पुण्यात वारले. पदकामुळे त्यांचं नाव तरी टिकलं. पण ज्यांना पदक मिळालं नाही आणि परतही येता आलं नाही, अशा नगर जिल्ह्यातल्या शिपायांची गावनिहाय यादी जिल्हा परिषदेनं करून प्रसिद्ध करावी, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात पडलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, आणि भारतीय शिपायांसाठी पलटणीचं नाव आणि पुढे मृतांचा आकडा. हा अन्याय परक्यांनी केला खरा, पण तो आपणही तसाच चालू का ठेवायचा?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की हे लोक पगारासाठी साम्राज्याच्या बाजूनं लढले. आणि नगरमध्ये तर हा आक्षेप जास्तच बोचतो. दुसऱ्या महायुद्धात, 1942 पासून, नेहरू, पटेल आणि आझाद इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. त्यांच्या त्यागाशी शिपायाची नोकरी एका तागडीत तोलता येणार नाही, आणि कुणी तसं म्हणतही नाही. पण पाऊस दगा देणाऱ्या या जिल्ह्यात फौजेची भरती म्हणजे घरी येणारी मनीऑर्डर होती, हे विसरून कसं चालेल? महार तरुणांना तर सैन्याचे दरवाजे आधी बंद करण्यात आले आणि गरज पडली तेव्हा पुन्हा उघडण्यात आले. त्यांच्यासाठी तो गणवेश जातीच्या जाचातून बाहेर पडण्याची वाटही होता.

हाच पेच आयर्लंडपुढे आपल्यापेक्षा तीव्र होता. टिपररीचा मार्टिन ओमेरा ऑस्ट्रेलियात स्थलांतरित झाला, तिथल्या फौजेत भरती झाला आणि ऑगस्ट 1916 मध्ये फ्रान्समध्ये चार दिवस गोळीबारातून जखमींना उचलून आणत राहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला होता आणि त्याचे पुढारी गोळ्या घालून मारले गेले होते. ओमेरालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण युद्धानं त्याचं मन मोडलं. उरलेलं आयुष्य त्यानं मनोरुग्णालयात काढलं आणि 1935 मध्ये तिथेच त्याचा शेवट झाला. अशा माणसांचं काय करायचं, हे स्वतंत्र आयर्लंडला बरीच वर्षं उमजलं नाही. डब्लिनचं युद्धस्मारक उद्यान दुर्लक्षानं उजाड झालं आणि त्याचं रीतसर लोकार्पण व्हायला 1988 उजाडलं. आज तिथे सुमारे 49,000 मृतांच्या नावांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. ओमेराचं पदकही 2019 मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात काही काळासाठी पाहुणं म्हणून आलं. यामुळे उठावातल्या हुतात्म्यांचा मान तसूभरही कमी झालेला नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: इतक्या वर्षांनी नावं आणायची कुठून? राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदींमध्ये अनेक शिपायांच्या नावापुढे वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हाही दिलेला आहे. गावांची स्पेलिंगं मोडकीतोडकी आहेत, ती इथल्याच माणसाला ओळखता येतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावचं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे इतिहास विभाग यांनी मिळून आधी इटलीच्या लढाईतले मृत घ्यावेत, कारण त्यांच्या नोंदी तुलनेनं स्पष्ट आहेत. मेसोपोटेमियाचं काम अवघड आहे, ते त्यानंतर हाती घ्यावं. आणि यादीत जात, हुद्दा किंवा पदक पाहून क्रम लावू नये. गावाखाली नुसती नावं असावीत.